दुसरा काटा

सुखदेवची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला होता. अमरावतीच्या दवाखान्यातली दुपारची वेळ. नर्स रबरी फुगा दाबत होती, पट्टा फुगत होता, आणि सुखदेवने तोंड पार भिंतीकडे फिरवून डोळे गच्च मिटून घेतले होते. हवा सुटल्याचा आवाज आला तेव्हाच त्याने मान वळवली. नर्सकडे न बघता मला म्हणाला, "मधू, किती रे?" नर्सने आकडा सांगितला, पण त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तशी आमची जुनी रीत होती. मी म्हणालो, "उतरून राह्यला. हळूहळू उतरून राह्यला." त्याने माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग विचारलं, "काचेवर टिचकी मारली का?" मी हो म्हणालो... त्याच आठवड्यात तो गेला. फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी खुर्चीवर बसून राहिलो, आणि पहिल्यांदा मनात आली ती भीती. दुःख नंतर आलं. आता माझ्या बाजूने घाबरणारं कोणी उरलं नाही, असं काहीतरी ते होतं.

शोकसभेत एका वक्त्याने त्याला 'निर्भय कर्मयोगी' म्हटलं. सभा होती म्हणून मी गप्प बसलो, नाहीतर हसलो असतो. सुखदेव निर्भय! अहो, सुखदेवइतका भित्रा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. कुत्र्याला भ्यायचा, विहिरीच्या काठाला भ्यायचा, विजेच्या बटनाला भ्यायचा. वलगावहून अमरावतीला येताना एस.टी. पुलावर चढली की समोरच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरायचा. जेवताना माशाचा तुकडा इतका उलटसुलट करायचा की शेजाऱ्याची भूक मरावी. आणि हे सगळं लपवायचा नाही. आपण पुरुष मंडळी घाबरलो की खाकरतो, चिडतो, नाहीतर विनोद करतो. हा सरळ सांगायचा, "मले भेव लागून राह्यलं." त्या वक्त्याला हे माहीत नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलो आहे. सुखदेवची भीती कोणी त्याच्यापासून हिरावून घेऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. त्या भीतीमुळेच मी आज हे लिहायला जिवंत आहे.

सदुसष्ट-अडुसष्ट सालची गोष्ट. अकोल्याला एका बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात भाईजींनी नवा कारखाना काढला होता. भाईजी म्हणजे मालक. सगळे त्यांना भाईजीच म्हणत. परदेशातून येणारा माल तेव्हा अडला होता आणि जिनिंगच्या यंत्रांना लागणारी एक प्रकारची खास दातेरी चाकं मिळेनाशी झाली होती. ही चाकं लोखंडाची नसत. सुती कापडाचे थर राळेत भिजवून, एकावर एक रचून, तापवून, दाबून त्यांचा दगडासारखा ठोकळा करायचा आणि त्यातून चाक कापायचं. चालताना आवाज नाही, आणि कापसाजवळ ठिणगी उडायची भीती नाही. कापूस आमचाच, कापड आमचंच, आणि कापसाच्या गठाणी, म्हणजे गासड्या, दाबायची जुनी प्रेस शेडमध्ये गंज खात पडलेली. भाईजी म्हणाले, आपणच करू. मी अमरावतीला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो, तर राळ शिजवायचं काम माझ्याकडे आलं. सुखदेव तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन आला होता. प्रेस त्याच्याकडे. पहिल्याच दिवशी प्रेस पाहून तो दारात थबकला आणि मला म्हणाला, "एवढी मोठी? हिले झाकन नाई का?"

आम्ही खोली मिळून शोधली. म्हणजे मी शोधली आणि तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. आमचं घर अकोटचं, माळ्याचं. वांगी, संत्री, शेवंती विकून मला शिकवलेलं. मला घरमालक आडनाव विचारत आणि आत या म्हणत. त्याला विचारत आणि खोली कालच दिली म्हणत. त्याच्या वडिलांनी छप्पन साली सगळ्या घराला नागपूरला नेऊन दीक्षा घेतली होती. त्या अफाट गर्दीत एवढासा सुखदेव वडिलांच्या हातून सुटला होता. मी विचारलं, मग रडला असशील? तर म्हणाला, "नाई. आयुष्यात एकदाच मले भेव नाई लागलं, थे तवा." शेवटी एका निवृत्त मास्तरांनी काही न विचारता खोली दिली. तरी दारावर थाप पडली की सुखदेव आधी माझ्याकडे पाहायचा. मी त्याची टर उडवायचो. एकदा तो न रागावता म्हणाला, "तुह्यं भेव अलग आहे मधू, माह्यं अलग आहे. तुले दार उघडल्यावर कळते, मले त्याच्या आंधी कळाले पायजे." तेव्हा मला ते नीटसं कळलं नाही.

प्रेसवर खरं राज्य होतं कासमभाई मिस्त्रींचं. त्यांची हयात गठाणी दाबण्यात गेलेली. पंपाच्या नळीवर दाब दाखवणारा ताटाएवढा गोल काटा होता, कारखान्यात त्याला सगळे 'मोठा काटा' म्हणत. काटा खुणेला टेकला की कासमभाई हात वर करायचे, पट्ट्या बांधल्या जायच्या आणि लगेच प्रेस सोडायची. कापसाचं काम असंच असतं, दाबला की झालं. शिवाय दाब देणारी वरची लोखंडी पाट तिरपी बसू नये म्हणून दोन्ही अंगांना लोखंडी ठोकळे ठेवायची त्या शेडमध्ये पूर्वीपासूनची पद्धत होती. आम्ही कापडाचे थर रचले तेव्हाही कासमभाईंनी सवयीने ते ठोकळे लावले. कोणाला काही वाटलं नाही. उलट, जाडी कशी सारखी येते, म्हणून आम्ही खूषच होतो.

आता राळेचं थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. राळ तापली की आधी पातळ होते, कापडाच्या धाग्याधाग्यात शिरते आणि मग कायमची घट्ट होते. पण घट्ट होता होता तिच्यातून पाणी सुटतं, आणि त्या उष्णतेत पाण्याची वाफच असते. वरून दाब भरपूर असेल तर ही वाफ जिथल्या तिथे दबून राहते, आणि सगळं थंड झाल्यावर निमूट बसते. दाब कमी पडला, किंवा गरम असतानाच सोडला, तर तेलातली पुरी फुगते तसा तो थर फुगतो. पुरी फुगली तर आपण टाळ्या वाजवतो. इथे पुरीच्या जागी जळती राळ असते.

कापड-राळेचे पहिले पातळ पत्रे बरे निघाले. मग पहिला जाड पत्रा लावला. मोठा काटा खुणेवर होता, मी स्वतः पाहिला. प्रेस सोडली आणि बंदुकीसारखा आवाज झाला. दौलत म्हणून एक कामगार होता, पातूरकडचा, पत्रा ओढायला पुढे उभा होता. पत्रा मधोमध फाटला आणि गरम राळ त्याच्या हातावर आणि गालावर बसली. ती राळ पुसता येत नाही. पुसायला जावं तर कातडी येते. त्याची किंकाळी... मी लिहिणार नाही. दौलत वाचला, पण गावी गेला तो परत आला नाही. शेडमध्ये मात्र कुजबूज सुरू झाली की राळ कच्ची होती, म्हणजे माझं चुकलं. मी रात्रंदिवस राळेचे नमुने तपासले. राळेत काही खोट नव्हती. पण काटाही पूर्ण होता. मग फाटलं कशाने? हे न कळणं दौलतच्या किंकाळीपेक्षाही भयंकर होतं, कारण पुढचा पत्रा लावायचा होताच आणि समोर कोणीतरी उभं राहणारच होतं.

सुखदेव त्यानंतर शेडच्या दारातून आत येईना. भाईजी समजावून थकले, मी चिडवून थकलो. तो बाहेर बाभळीखाली बसून मोठ्या काट्याकडे टक लावून पाहायचा. एके दिवशी मला म्हणाला, "काटा खोटा नाई बोलत. पन थो पंपाचा काटा आहे गा. पंप किती जोर लावते थे सांगते. राळीले किती जोर लागून राह्यला, थे कोन पायते?" मी म्हणालो, "पंप दाबतो म्हणजे राळ दाबली जाते, दुसरं काय होणार?" त्याला उत्तर माहीत नव्हतं. एवढंच की प्रश्नाचं भेव त्याला वाटत होतं आणि मला वाटत नव्हतं.

उत्तर दिलं सुखदेवच्या बायकोने, रत्नमालावहिनींनी. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि मास्तरांच्याच वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडला होता. वहिनींनी मोठ्या पातेल्यात कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून ठेवल्या होत्या, पाणी सुटावं म्हणून वर ताटली आणि ताटलीवर भला मोठा दगड. सकाळी पाहतात तर फोडी कोरड्या. आम्ही चहा पीत होतो. वहिनी चिडून म्हणाल्या, "दगड त काठावर बसला! खालच्या फोडी मोकळ्याच. एवढा दगड ठेवून काय कामाचा?" ताटली मोठी होती, पातेल्याच्या काठावर टेकली होती आणि सगळा भार काठ सोसत होता. सुखदेवने कप खाली ठेवला. "ठोकळे," तो म्हणाला. "मधू, आपले ठोकळे!" प्रेसचा सगळा जोर ते लोखंडी ठोकळे सोसत होते. कापसाला त्याने काही बिघडत नव्हतं, कारण कापूस काय, दाबून झाल्यावर सोडायचाच. पण राळ बिचारी दोन ठोकळ्यांच्या मध्ये मोकळीच तापत होती, आणि काटा पूर्ण दाखवत होता.

ठोकळे काढून टाकले. कासमभाईंनी ते स्वतःच्या हाताने उचलून आवाराबाहेर नेऊन टाकले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. पण सुखदेवचं तेवढ्याने भागेना. आज ठोकळे सापडले, उद्या आणखी काही असेल, असं त्याचं म्हणणं. त्याला राळेलाच विचारायचं होतं. खालच्या पाटीच्या कडेतून मध्यापर्यंत त्याने बारीक भोक पाडलं, त्यात तांब्याची नळी बसवली, नळीत ग्रीस ठासलं, म्हणजे राळ आत शिरून गोठू नये, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला वाटीएवढा एक काटा लावला. राळ ग्रीसला ढकलणार, ग्रीस काट्याला. मोठ्या काट्याशी ताडता यावं म्हणून दोन्ही तबकड्यांवर लाल रंगाने सारख्या खुणा केल्या. कासमभाईंनी नळी कुठूनशी जुन्या इंजिनाची आणून दिली आणि बडबडले, "एका प्रेसले दोन काटे कायले पायजे बाबू? एकाकडे पाऊन पाऊन माहे डोये गेले." सुखदेव म्हणाला, "कासमभाई, एक काटा आपल्यासाठी, एक राळीसाठी." वाचण्याआधी तो नखाने काचेवर टिचकी मारायचा, काटा अडकला असेल तर सुटावा म्हणून. मग विचारायचा, "किती रे?" स्वतःला दिसत असलं तरी मला विचारायचा. दोन माणसांनी पाहिल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसायचा नाही.

लहान काट्याची भाषा आम्ही हळूहळू शिकलो. राळ पातळ झाली की तो चढे, घट्ट होऊ लागली की खाली येऊन बसे. बसला की पाटांना तापवणारे वाफेचे नळ बंद करायचे, पाटांतून गार पाणी सोडायचं आणि पूर्ण निवेपर्यंत प्रेस उघडायची नाही. कितीही वेळ लागो. पत्रे ठणठणीत निघू लागले. सुखदेव शेडच्या आत येऊ लागला, पण प्रेस उघडताना अजूनही तोंड फिरवायचा, आणि आमच्याही माना आपोआप फिरायच्या. मग भाईजींनी अकोटच्या जिनिंगसाठी मोठ्या चाकाचा ठोकळा कबूल केला. हाताच्या चार बोटांएवढी जाडी. इतकं जाड आम्ही कधी केलं नव्हतं. सुखदेव आदल्या दिवशी जेवला नाही, असं वहिनी म्हणाल्या.

मे महिन्यातली दुपार. अकोल्याची मे महिन्यातली दुपार म्हणजे काय, ते अकोलेकरांना सांगायला नको. शेडचे पत्रे तापलेले, प्रेस तापलेली, माणसं तापलेली. अकोटची मंडळी ठोकळा पाहायला आली होती, भाईजी त्यांना घेऊन दाराशी उभे. सगळं नेहमीप्रमाणे चाललं. लहान काटा चढला, थांबला, खाली बसू लागला. मी म्हणालो, "बसला." सुखदेवने टिचकी मारली. काटा थरथरला आणि... पुन्हा चढू लागला. असं कधी झालं नव्हतं. वाफेचे नळ बंद केले तरी तो चढतच होता. राळ घट्ट होताना स्वतःची उष्णता सोडते. पातळ पत्र्यात ती निघून जाते, इतक्या जाड ठोकळ्यात ती पोटातच कोंडली होती आणि आत वाफ वाढत होती. हे कळायला मला दोन क्षण लागले. तेवढ्यात कासमभाई ओरडले. प्रेसच्या खालच्या खांबात पाण्याचा दाब धरणारं चामड्याचं वायसर गळू लागलं होतं, खालून पाण्याची धार लागली होती. मोठा काटा उतरत होता. पंपाचा पट्टा पाण्याने भिजून नुसता घसरत होता. एक काटा वर येतोय, एक खाली जातोय. दोन्ही काटे एकाच लाल खुणेकडे निघाले होते. मोठा लहानाच्या खाली गेला की आतली वाफ बाहेर येणार, आणि बाहेर आम्ही.

कासमभाईंचा हात दाब सोडायच्या चावीवर गेला. गठाणींच्या कामात तेच बरोबर होतं. वायसर गळालं की आधी जोर सोडायचा, मग दुरुस्ती. त्यांच्या हाताला वर्षानुवर्षं हेच माहीत होतं. सुखदेवने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. त्याचे दात वाजत होते. मी शपथेवर सांगतो, त्या उकाड्यात त्याचे दात वाजत होते. "कासमभाई, सोडू नोका. दौलत आठवा." कासमभाईंनी हात असा मागे घेतला की जणू चावीचा चटका बसला. मग सुखदेव दाराकडे वळून ओरडला, "समदे भायेर! भाईजी, तुमी भी! पया!" भाईजींना पळा म्हणणारा तो पहिलाच. ते खरंच पळाले.

शेडमध्ये आम्ही तिघं राहिलो. कासमभाईंनी गार पाण्याचा नळ पूर्ण उघडला आणि तिथेच उभे राहिले. पट्ट्याचा पंप घसरत होता म्हणून सुखदेवने हाताने दाब द्यायच्या जुन्या हातपंपाचा दांडा धरला. तो पंप प्रेसच्या अगदी तोंडाशी होता, दौलत उभा होता त्याच जागी. मी काट्यांपाशी. तो तोंड फिरवून, डोळे मिटून दांडा मारायचा आणि विचारायचा, "किती रे?" मी सांगायचो. मोठा इतका, लहान इतका, मध्ये दोन बोटं. मध्ये एक बोट. एकदा मध्ये नखाएवढी जागा उरली आणि माझा आवाजच फुटेना. तो ओरडला, "मधू, किती? बोल ना बे! मले भेव लागते!" मी रडत होतो, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "नखभर आहे. मार. मार." त्याचे तळवे सोलून दांड्याला रक्त लागलं होतं. कासमभाई मध्ये येऊन म्हणाले, बाबू, मी मारतो, तू जाय. तो जाईना. म्हणाला, "मी गेलो त मले भायेर जास्त भेव लागन. इथं कमीत कमी काटा तरी आयकू येते."

उन्हाची तिरीप दारातून आत येऊन प्रेसच्या पायापर्यंत पोचली तेव्हा लहान काटा थांबला. मी टिचकी मारली. तो जरासा खाली आला. पुन्हा मारली. आणखी खाली. मी म्हणालो, "उतरून राह्यला. हळूहळू उतरून राह्यला." सुखदेवने दांडा सोडला नाही. काटा पूर्ण खाली बसला, पाट हाताला गार लागली, तरी तो म्हणाला, अजून थांबा. मग कासमभाईंनी चावी फिरवली आणि तिघांनी तोंडं फिरवली. काही झालं नाही. नुसता एक सुस्कारा आला. ठोकळा अखंड होता, काळातपकिरी, गुळगुळीत. भाईजी आत येऊन त्यावर हात फिरवू लागले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "आता दुसरा कधी लावता?" मी सुखदेवला शोधत मागे गेलो. तो शेडमागे बाभळीखाली ओकत होता. मला म्हणाला, "मी पुन्यांदा नाई करनार गा." आणि मग आयुष्यभर तेच केलं. आधी अकोल्याला, नंतर अमरावतीला स्वतःच्या छोट्या कारखान्यात. आणि दर वेळी तोंड फिरवून.

त्याच्या हाताखाली नंतर कोणाला इजा झाली नाही. लोक ते त्याचं नशीब म्हणत. कारखान्यातली पोरं त्याला मागून 'भेकड साहेब' म्हणायची. मला वाटतं, त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. मी मात्र पुढे महाविद्यालयात शिकवायला गेलो, तिथे काहीच फुटत नाही. पण घरी काही निर्णय घ्यायचा असला, मुलीचं लग्न, माझं ऑपरेशन, की मी अमरावतीला फोन करायचो आणि तो माझ्या वाटणीचं घाबरून द्यायचा. इतके प्रश्न विचारायचा की शेवटी माझी भीती जायची. आता पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काही नसतं त्यात. काही नसतं म्हणजे काय? कोणी पाहिलं? हे विचारणारा माणूस गेला.

परवा वहिनींना भेटायला अमरावतीला गेलो होतो. लहान काटा त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला आहे, काचेला तडा गेलेला. ओट्यावर कुकर होता. शिट्ट्या झाल्या, वहिनींनी गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. त्या घरात कुकर उघडायचं काम सुखदेवचं. शिट्टी थंड झाल्यावर आणखी थोडं थांबून, झाकणावर नखाने टिचकी मारून, तोंड फिरवून तो उघडायचा. पोरं हसायची. आम्ही बोलत बसलो, त्याच्या गोष्टी निघाल्या, मुलगा येऊन जेवायला कधी म्हणून विचारून गेला. कोणी उठेना. मग वहिनी कुकरकडे पाहत म्हणाल्या, "भाऊजी, लगनापासून मी कुकर उघडला नाई. थे गेल्यापासून पोरगा उघडते, पन थो लवकर उघडते, मले पायवत नाई. तुमी उघडा." मी उठलो. हात लावला, कुकर केव्हाच गार झाला होता. तरी माझा हात थांबला. मी झाकणावर टिचकी मारली. मागून वहिनींनी विचारलं, "किती?" आणि मी तोंड भिंतीकडे फिरवलं, डोळे मिटले, आणि झाकण उघडलं.